थाळनेरची दिंडी

गेल्या महिन्यात आम्ही असोद्याहून थाळनेरला गेलो. गाडीत कॉलेजची मुलं-मुली, दोन शिक्षक आणि मी. मुलांना विचारलं, थाळनेर कशासाठी प्रसिद्ध आहे? उत्तर आलं, "लतादीदींचं आजोळ." ते खरंच आहे. पण १८१८ सालच्या लढाईबद्दल एकालाही ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर चाळिशीपर्यंत मलाही नव्हतं.

चोपड्यावरून शिरपूर तालुक्यात शिरलो. गावात एक निवृत्त गुरुजी वाट पाहत होते. आधी त्यांनी फारुकी सुलतानांचे मकबरे दाखवले. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला ही जहागीर दिली आणि खानदेशच्या फारुकी घराण्याची सुरुवात इथूनच झाली. पुढे त्याच्या मुलाने बुऱ्हाणपूर वसवलं आणि थाळनेर मागे पडलं.

मग आम्ही तापीकाठच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला कसला, तटाचे अवशेष आणि मातीचा उंचवटा. गुरुजी तिथेच उभे राहून सांगू लागले.

महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे गेला. थाळनेरही त्यातच. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन आला, तेव्हा किल्ल्यातून गोळीबार झाला. प्रतिकार कराल तर बंडखोर समजू, असा निरोप त्याने आत पाठवला. तोफा चालल्या. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन शरण गेला. आत शिबंदी उरली, त्यात बहुतेक अरब. मराठा सरदार किल्ल्यांच्या रक्षणासाठी अरबांना मुद्दाम चाकरीत ठेवत.

शेवटच्या दरवाजाशी बोलणी झाली. दिंडी उघडली आणि काही इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांसह आत शिरले. तिथे झटापट झाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. इंग्रजांनी याला दगाबाजी म्हटलं. पण एकमेकांची भाषा न कळल्यामुळे गैरसमज झाला, असंही तेव्हाच बोललं गेलं. बाहेरची फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे माणसं कापली गेली. आधीच शरण आलेल्या तुळशीराम मामांना त्याच संध्याकाळी फाशी दिलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेत यावर टीका झाली. हिस्लॉपच्या लष्करी कामगिरीचे आभार मानताना हे प्रकरण मुद्दाम बाजूला ठेवलं गेलं.

एका मुलाने विचारलं, "गुरुजी, ते अरब आपले की परके?"

गुरुजी म्हणाले, "बाळा, ते कुणाच्या मिठाला जागले ते बघ."

मी परत येईपर्यंत या उत्तराचा विचार करत होतो. मुसलमान शिपाई, हिंदू किल्लेदार, वर निशाण होळकरांचं. आजच्या हिशोबात ही माणसं कुठल्याच खात्यात बसत नाहीत. आपण मुसलमान सुलतान आठवतो, शेजारी मराठा सरदार आठवतात. आणि पगारावर लढून तापीकाठी मेलेले हे तीनशे जण दोघांच्याही यादीतून सुटतात.

त्याच वर्षी मे-जूनमध्ये मालेगावच्या किल्ल्यातले अरब महिनाभर लढले. तिथे शरणागतीच्या अटी मराठीत लिहून दिल्या गेल्या आणि ते जिवंत बाहेर पडले. थाळनेरच्या दिंडीत असा एक कागद असता तर?

निघताना आमच्यातल्या काहींनी फातेहा पढला. बाकीची मुलं टोप्या, चपला काढून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींनी तुळशीराम मामांचं नाव घेऊन नदीकडे हात जोडले. अरबांची नावं मात्र आमच्यापैकी कुणालाच घेता आली नाहीत.