इर्जिक, वेठ आणि तळीये

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीयेवर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. वारसांना राज्याने ५ लाख, केंद्राने २ लाख जाहीर केले. पुराने वाटा अडलेल्या. शासकीय पथकांच्या आधी स्थानिक माणसेच चिखल उपसत होती. ते तास कोणत्या वहीत मांडायचे? अमेरिकेत स्वयंसेवकाच्या तासाला डॉलरांत मूल्य लावतात. आपल्याकडे हा हिशेब अवघडतो. इर्जिकीत शेजारी आपणहून राबतो, वेठीत त्याला राबवले जाते. मजुरी दोन्हीकडे शून्य. महाडच्याच चवदार तळ्यावर १९२७ साली सत्याग्रह झाला. पुढल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी महारवतनाच्या राबणुकीविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. (‘श्रमदान’ हा शब्द वर्गात उच्चारताना मी म्हणूनच जरा अडखळतो.)