बस कोणती आली?

१५ जुलै १९२६ रोजी मुंबईत अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. पुढे मार्ग वाढले आणि गाडीच्या कपाळावर क्रमांकाची पाटी आली. बेस्टच्या पाटीवरील मराठी अंक वाचताना परप्रांतीयांची होणारी तारांबळ हा मुंबईत थट्टेचा विषय ठरला. अंक मुळी दिसतच नाहीत अशा प्रवाशाचा विचार मात्र फारसा झाला नाही. त्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्यालाच विचारावे लागे, “बस कोणती आली?”

दृष्टिहीनांच्या चालण्याचा प्रश्न त्यामानाने आधी हाती घेतला गेला. ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज यांनी १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगवली. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी लांब काठी पावलापुढे डावी-उजवीकडे फिरवण्याची पद्धत घडवली. दिल्ली आयआयटीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटाने ध्वनिलहरींनी अडथळे ओळखणारी ‘स्मार्टकेन’ विकसित केली. ती २०१४ मध्ये बाजारात आली. गुडघ्याच्या वर असलेली, साध्या काठीला न लागणारी फांदी किंवा उघडी खिडकी ती कंपनाने कळवते.

काठी वाट सांगते, बसचा क्रमांक सांगत नाही. त्यासाठी याच गटाने ‘ऑनबोर्ड’ रचले. प्रवाशाने हातातील यंत्राचे बटण दाबले की जवळ आलेल्या बसमधील पेटी रेडिओलहरींनी आपला मार्ग क्रमांक कळवते. हवी ती बस निवडताच त्याच बसच्या दाराजवळील ध्वनिवर्धक वाजतो. रचनेचे खरे मर्म या दुसऱ्या टप्प्यात आहे. तीन गाड्या एकामागे एक थांबतात, कधी थांब्याच्या पुढे तर कधी मागे. तेव्हा क्रमांक कळूनही दार सापडत नाही. मोबाइलवर बसची वेळ समजते, पण ही शेवटची दहा पावले उरतातच.

दिल्लीनंतर मुंबईत बेस्टच्या गाड्यांवरही चाचणी झाली. मात्र काठी घेणारा दुसऱ्या दिवशी ती वापरू शकतो. येथे अर्धे यंत्र प्रवाशाच्या हाती, अर्धे बसमध्ये. बसमधील अर्धे नसेल तर हातातले निरुपयोगी. त्यात आता बेस्टच्या ताफ्यात कंत्राटदारांच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांचा वाटा मोठा आहे. पेटी बसवायची कोणी, बिघडल्यास दुरुस्त करायची कोणी, हे करारात लिहिले तरच ठरते.

म्हणून हा प्रश्न प्रयोगशाळेतून न्यायालयाकडे वळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाहतूक सुगम करण्याचे दायित्व शासनावर टाकले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत आखण्यास केंद्राला सांगितले. दृष्टिबाधित राजीव रतुडी यांची ती याचिका २००५ सालची होती.