घर फिरले, वासे फिरले : ‘टर्न, टर्न, टर्न’

अमेरिकेच्या ‘एबीसी’ वाहिनीवर ८ एप्रिल २०१४ रोजी ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा सतरावा भाग प्रक्षेपित झाला. ‘टर्न, टर्न, टर्न’ हे त्याचे शीर्षक. महानायकांच्या जगात वावरणाऱ्या साध्या हेरांची ही मालिका तोवर बेताचीच मानली जात होती. या एका भागाने तिचा पायाच बदलला. ज्या गुप्तहेर संघटनेचे नाव मालिकेच्या शीर्षकात होते, ती संघटनाच या भागात कोसळली आणि नायकांपैकी एक जण शत्रू निघाला. दूरचित्रवाणी आणि चित्रपट यांची कथा एकमेकांत गुंफण्याच्या प्रयोगांत या भागाचे स्थान म्हणूनच महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

शील्ड ही काल्पनिक संघटना कॉमिक्सच्या पानांवर अवतरली १९६५ साली. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने ‘स्ट्रेंज टेल्स’ या मासिकाच्या १३५ व्या अंकात तिला जन्म दिला. तिची वैरी असलेली ‘हायड्रा’ ही गुप्त संघटनाही त्याच अंकात प्रथम आली. एक डोके छाटले तर दोन उगवतात, या ग्रीक पुराणातल्या सर्पावरून तिचे नाव घेतलेले आहे. रक्षक आणि भक्षक यांचा जन्म एकाच अंकातला, हा योगायोग पुढे घडलेल्या कथेच्या दृष्टीने सूचक ठरतो.

डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हल कंपनी विकत घेतली. एबीसी वाहिनीही डिस्नेच्याच मालकीची. त्यामुळे मार्व्हलच्या चित्रपटांचे यश छोट्या पडद्यावर आणण्याचा मार्ग मोकळा झाला. जॉस व्हीडन, जेड व्हीडन आणि मॉरिसा टँचरोएन यांनी ही मालिका निर्माण केली. २०१२ च्या ‘द ॲव्हेंजर्स’ चित्रपटात मृत्युमुखी पडलेला अधिकारी फिल कोल्सन (क्लार्क ग्रेग) येथे गूढ रीतीने पुन्हा जिवंत झालेला दिसतो. त्याच्या पथकात कसलेली वैमानिक मेलिंडा मे (मिंग-ना वेन), धडाडीचा ग्रँट वॉर्ड (ब्रेट डाल्टन), संगणकांत घुसखोरी करण्यात तरबेज स्काय (क्लोई बेनेट) आणि फिट्झ व सिमन्स हे दोन तरुण शास्त्रज्ञ होते. एक अवाढव्य विमान हेच त्यांचे घर.

चित्रपटाची वाट पाहणारी मालिका

२४ सप्टेंबर २०१३ रोजी पहिला भाग सुमारे १ कोटी २१ लाख अमेरिकी प्रेक्षकांनी पाहिला. सतराव्या भागापर्यंत हा आकडा निम्म्याहूनही खाली आला होता. दर आठवड्याला एक नवी वस्तू, एक नवा गुन्हेगार, शेवटी सारे आलबेल, असा साचा झाला असल्याची तक्रार होती आणि ती बिनबुडाची नव्हती.

यामागे एक अडचण होती. ‘कॅप्टन अमेरिका : द विंटर सोल्जर’ हा अँथनी आणि जो रूसो या बंधूंचा चित्रपट ४ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेत प्रदर्शित होणार होता. हायड्रा दुसऱ्या महायुद्धानंतर नष्ट झालीच नव्हती. ती शील्डच्याच पोटात वाढत राहिली, हे त्या चित्रपटाचे मुख्य रहस्य. ते फुटू न देता मालिकेला तोवरचे सोळा भाग काढायचे होते. आधी चित्रपटाशी दुवा जोडला गेला होता तो अगदीच किरकोळ. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘थॉर : द डार्क वर्ल्ड’ प्रदर्शित झाल्यावर मालिकेच्या आठव्या भागात कोल्सनचे पथक लंडनमधील ग्रिनिचच्या युद्धभूमीवर राडारोडा उपसताना दिसले. चित्रपटाने पसरायचे आणि मालिकेने आवरायचे, अशी ही वाटणी होती. सतराव्या भागात ती प्रथमच मोडली. या वेळी चित्रपटातल्या उत्पाताची सर्वांत मोठी किंमत मालिकेतील माणसांना मोजावी लागली.

कथानक

आदल्या भागाच्या अखेरीस पथक ‘क्लेअरव्हॉयंट’ या टोपणनावाच्या अज्ञात सूत्रधाराच्या मागावर असते. वॉर्ड एका संशयिताला गोळी घालतो. मे कॉकपिटमधून चोरून कोणाशी तरी बोलते, हे उघड होते आणि विमानाचा ताबा बाहेरून कोणीतरी घेते. सतरावा भाग येथूनच सुरू होतो.

कोल्सनचा जुना सहकारी जॉन गॅरेट (बिल पॅक्सटन) याच्या विमानावर शील्डचीच मानवरहित विमाने हल्ला करतात. कोल्सन त्याला वाचवून आपल्या विमानात घेतो. एका गोंगाटात दडलेला सांकेतिक संदेश स्काय उलगडते आणि हायड्राने आपल्या माणसांना अंधारातून बाहेर पडण्याचा इशारा दिल्याचे कळते. मे आपण शील्डचा प्रमुख निक फ्यूरी याच्या आदेशावरून कोल्सनवर नजर ठेवत होतो, असे सांगते. पण तिची साक्ष काढायची कोणाकडे? फ्यूरी मरण पावल्याची बातमी नेमकी तेव्हाच येऊन थडकते.

तिकडे ‘हब’ या तळावर व्हिक्टोरिया हँड (सॅफ्रन बरोज) ही करारी अधिकारी सिमन्स आणि ट्रिपलेट यांच्यासमोर बंदुकीच्या धाकाने प्रश्न ठेवते : हायड्रात या, नाहीतर मरा. दोघे नकार देतात. तेव्हा कळते की ती त्यांची परीक्षा घेत होती. हँड स्वतः एकनिष्ठ आहे. तिच्या लेखी हायड्राचा माणूस आहे कोल्सन. तळावर उतरलेल्या कोल्सनशी बोलताना गॅरेटच्या तोंडून असा एक तपशील निसटतो, जो कोल्सनने त्याला कधीच सांगितलेला नव्हता. क्लेअरव्हॉयंट दुसरा कोणी नसून गॅरेटच आहे, हे कोल्सनच्या ध्यानी येते. गॅरेट फिट्झला आमिष दाखवतो, धमकावतो. तो भेदरलेला तरुण रडत रडत पण ठामपणे नकार देतो. अखेर गॅरेट पकडला जातो. त्याला तुरुंगात पोहोचवण्यासाठी हँड निघते आणि वॉर्ड सोबत येण्याची परवानगी मागतो. प्रवासात हँड सुचवते की गॅरेटला संपवायचे असेल तर संपव. वॉर्ड उठतो, दोन्ही रक्षकांना आणि पाठोपाठ हँडलाच गोळ्या घालतो. भाग येथे संपतो.

विश्वासाची कसोटी

हा भाग जेड व्हीडन आणि मॉरिसा टँचरोएन यांनी लिहिला, तर दिग्दर्शन व्हिन्सेंट मिसियानो यांचे होते. त्यांनी विध्वंसाची भव्य दृश्ये चित्रपटाकडेच राहू दिली. वॉशिंग्टनमधील ‘ट्रिस्केलियन’ हे शील्डचे मुख्यालय पडल्याची बातमी येथे केवळ कानावर येते. मालिकेच्या वाट्याला आल्या त्या बंद खोल्या, अरुंद मार्गिका आणि एकमेकांकडे संशयाने पाहणारे डोळे. पैसा कमी होता, हे एक कारण असेलच; पण तीच या भागाची ताकद ठरली.

संस्था शाबूत असते तोवर विश्वास ठेवणे सोपे असते. ओळखपत्र, हुद्दा, वरिष्ठांचा आदेश एवढे पुरते. संस्थाच आतून पोखरली गेली की ओळखपत्राला अर्थ उरत नाही. कारण शत्रूकडेही तेच ओळखपत्र असते. हँडने घेतलेली परीक्षा त्या दृष्टीने लक्षणीय आहे. माणूस खरा की खोटा, हे ठरवायला तिच्यापाशी मृत्यूच्या भयाखेरीज दुसरे साधन राहिलेले नाही. त्यातही विपर्यास असा की इतक्या कडक तपासणीनंतर तिने ज्याला निःशंकपणे सोबत घेतले, त्यानेच तिचा घात केला. मे दोषी दिसत होती, ती निर्दोष ठरली. हँड खलनायिका वाटत होती, ती कर्तव्य बजावताना मेली. ज्याच्यावर कोणी संशयच घेतला नाही, तो वॉर्ड फितूर निघाला. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही आपली म्हण या भागाला शब्दशः लागू पडते. फरक इतकाच, की येथे काही वासे आधीच फिरलेले होते.

वॉर्ड हा तोवर पथकातला सर्वांत नीरस गडी मानला जाई. देखणा, शिस्तीचा, ठोकळेबाज. तो नीरसपणा मुखवटा होता, हे कळताच मागचे सोळा भाग वेगळे दिसू लागले. आदल्या भागात त्याने झाडलेली गोळी प्रेक्षकांना संतापाचा उद्रेक वाटली होती. प्रत्यक्षात ती खऱ्या सूत्रधाराला झाकण्यासाठी होती.

त्याची फितुरी मात्र तत्त्वापोटी नव्हती. घरच्या छळाने होरपळलेल्या आणि कोठडीत पडलेल्या पोरवयाच्या वॉर्डला गॅरेटने बाहेर काढले व आपल्या हाताखाली घडवले, हे पुढील भागांत उलगडत जाते. वॉर्डची निष्ठा होती ती हायड्रावर नव्हे, गॅरेट या एका माणसावर. कोल्सनची निष्ठा संस्थेच्या मूल्यांवर, म्हणून संस्था पडल्यावरही ती टिकली. वॉर्डची व्यक्तीवर, म्हणून ती व्यक्ती नेईल तिकडे तो गेला. मालिकेचे खरे द्वंद्व येथे होते.

परिणाम

शील्ड मोडीत निघाल्याने कोल्सनचे पथक रातोरात निराधार झाले. सरकारच्या लेखी तेही संशयितच. पर्वाचे उरलेले पाच भाग याच सूत्रावर चालले आणि १३ मे २०१४ रोजी पर्व संपले. मालिका पुढे सात पर्वे आणि १३६ भागांपर्यंत पोहोचली. अखेरचे प्रक्षेपण १२ ऑगस्ट २०२० रोजी झाले. मात्र एखाद्या चित्रपटाने मालिकेचे जग असे मुळापासून हलवल्याचे उदाहरण तिच्यात पुन्हा घडले नाही. गॅरेटची भूमिका रंगवणारे बिल पॅक्सटन यांचे फेब्रुवारी २०१७ मध्ये निधन झाले.

त्याच वर्षी, चौथ्या पर्वात, या घातकी प्रसंगाला लेखकांनी एक अनपेक्षित जोड दिली. एका आभासी जगात, जिथे प्रत्येकाच्या आयुष्याला वेगळे वळण मिळाले आहे, वॉर्ड पुन्हा भेटतो. तेथेही तो दुहेरी हेर आहे. पण हायड्रात राहून तो हायड्राविरुद्ध लढतो. कारण त्या जगात कोवळ्या वयात त्याला हेरून घडवणारी व्यक्ती जॉन गॅरेट नसते. ती असते व्हिक्टोरिया हँड.