राखेखालचा निखारा

काही विजय असे असतात की त्यांच्यानंतरही पहारा उठवता येत नाही. एड्सवरील औषधाचा इतिहास असाच आहे, आणि त्याचे एक पान आपल्या हैदराबादेत लिहिले गेले.

झिडोव्यूडीन हे द्रव्य १९६४ साली अमेरिकेत कर्करोगासाठी तयार झाले आणि निरुपयोगी म्हणून बाजूस पडले. १९८७ साली तेच एड्सवरील पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. पण वर्षाचा खर्च हजारो डॉलर! येथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत डॉ. ए. व्ही. रामाराव यांनी ते स्वस्तात बनविण्याची कृती सिद्ध केली आणि १९९३ साली मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणले. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देऊ लागताच मरणशय्येवरची माणसे उठून कामाला लागली. एप्रिल २००४ पासून आंध्र प्रदेश, महाराष्ट्र आदी राज्यांत सरकारी रुग्णालयांतून ही औषधे मोफत मिळू लागली.

मग रोग संपला काय? नाही. १९९७ साली संशोधकांना आढळले की, विषाणू रक्तातील विश्रांत पेशींत निद्रिस्त राहतो. औषध त्याची वाढ रोखते, निद्रिस्त विषाणूला मारीत नाही. शिवाय शरीरात मंद दाह धुमसत राहतो व हृदयविकाराचा धोका वाढवितो. ३३ देशांतील पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत २००६ साली दिसले की, औषध मधूनमधून थांबविणाऱ्यांत आजार व मृत्यू अधिक होते.

म्हणून बरे वाटले तरी गोळी सोडू नये. राखेखाली निखारा आहे. वारा लागू न देणे आपल्या हाती आहे.