सव्वा महिन्याच्या आत बाळाचे डोळे दाखवा



सातमाशी बाळ जगलं, की घराला केवढा आनंद होतो! काचेच्या पेटीत दिवस काढून लेकरू घरी येतं. आजी मीठ-मोहरीनं दृष्ट काढते, बारशाची तयारी सुरू होते. आणि काही महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात येतं, की बाळ खुळखुळ्याच्या आवाजाकडे वळतं, पण आईच्या तोंडाकडे बघत नाही. मग सगळ्यांची बोटं आईकडे वळतात. तिनं ग्रहण पाळलं नाही, तिनं अमुक खाल्लं, तिचंच नशीब फुटकं.

आज मी तुम्हाला या अंधत्वाचा इतिहास सांगणार आहे. तो ऐकल्यावर आईकडे बोट दाखवायची तुमची हिंमत होणार नाही.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, बोस्टन शहरात. 1942 साली थिओडोर टेरी नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काही बाळांबद्दल लिहिलं. ही बाळं दिवस भरायच्या आधीच जन्मली होती. त्यांच्या बुबुळाच्या मागे पांढरं दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. पुढे कळलं, की जन्मताना त्यांचे डोळे असे नसतात. आजार जन्मानंतर, काही आठवड्यांत वाढतो.

पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे 10,000 मुलं अशी आंधळी झाली. नवल म्हणजे, जिथे नवी यंत्रं आणि उत्तम सोयी होत्या, त्याच दवाखान्यांत हा आजार जास्त. डॉक्टरांनी दुधावर संशय घेतला, जीवनसत्त्वांवर घेतला, उजेडावरही घेतला. काही जुळेना.

तेव्हा ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात केट कॅम्पबेल नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. या बाईंनी साधी गोष्ट केली. शहरातल्या तीन ठिकाणच्या बाळांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. जिथे बाळांना सढळ हातानं ऑक्सिजन दिला जात होता, तिथे 100 मागे 19 बाळांना हा आजार झाला होता. जिथे ऑक्सिजन बेतानं दिला जात होता, तिथे 100 मागे 7. कॅम्पबेलबाईंनी 1951 साली हे छापलं. ज्या ऑक्सिजननं बाळ जगवायचं, तोच जास्त झाला तर डोळे नेत असावा, असा त्याचा अर्थ होता.

कुणाला पटणार? त्याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात अर्नॉल पॅट्झ नावाचे तरुण डॉक्टर बाळांचे दोन गट करून हेच तपासत होते. एका गटाला भरपूर ऑक्सिजन, दुसऱ्याला गरजेपुरताच. पण रात्रपाळीच्या काही नर्सना राहवेना. लेकराला हवा कमी पडेल म्हणून त्या रात्री हळूच ऑक्सिजन वाढवायच्या. त्यांना आपण वाईट म्हणू का? त्यांची माया खरी होती. पण मायेला माप नव्हतं.

शेवटी 1953 साली अमेरिकेतल्या 18 दवाखान्यांनी मिळून मोठी चाचणी घेतली आणि 1954 साली उत्तर मिळालं. कॅम्पबेलबाई बरोबर होत्या.

आता असं का होतं, ते समजून घेऊ. आपल्या डोळ्यात मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्यावर चित्र उमटतं, म्हणून आपल्याला दिसतं. बाळ पोटात असताना या पडद्यावर रक्ताच्या बारीक नसा मधून कडेकडे पसरत जातात, शेतात पाटाचं पाणी कडेच्या वाफ्यापर्यंत जावं तशा. त्या कडेपर्यंत पोचायला पुरे नऊ महिने लागतात. बाळ आधीच जन्मलं, की काम अर्धवट राहतं. त्यात ऑक्सिजन जास्त झाला, तर नसांची वाढ थांबते. मग कडेचा कोरडा भाग रक्त मागू लागतो आणि कच्च्या, वेड्यावाकड्या नसा फुटतात. त्यांतून रक्त येतं, त्या पडद्याला ओढतात आणि पडदा मागून सुटतो. पडदा सुटला, की नजर गेली.

पण गोष्ट इथे संपली नाही. 1954 नंतर डॉक्टर ऑक्सिजनला इतके घाबरले, की तो फारच कमी देऊ लागले. अंधत्व घटलं, पण कितीतरी बाळं दगावली, काहींच्या मेंदूला इजा झाली. म्हणून मैत्रिणींनो, हे ऐकून कुणी बाळाचा ऑक्सिजन काढायला सांगू नका. ऑक्सिजन हवाच, पण मोजून. करोनात आपण बोटाला लावायचो, तसंच यंत्र पेटीतल्या बाळाच्या हाताला किंवा पायाला लावतात. ऑक्सिजन सुरू असताना त्याचा आकडा साधारण 90 ते 95 च्या मध्ये ठेवतात.

पुढे उपचारही सापडले. पडद्याचा कडेचा भाग गोठवला तर आजार थांबवता येतो, हे 1988 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं. नंतर लेझर आलं, आता डोळ्यात द्यायचं इंजेक्शनही आहे. पण एक लक्षात ठेवा. हे उपचार पडदा सुटायच्या आधीचे आहेत. पूर्ण सुटल्यावर ऑपरेशन करूनही फार थोडं हाती लागतं. आणि सुरुवातीला बाहेरून काहीच कळत नाही. डोळे टपोरे, चमकदार दिसतात. पांढरं दिसू लागतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणूनच आपल्या देशात नियम ठरला आहे. बाळ 34 आठवड्यांच्या आत, म्हणजे तारखेच्या सहा आठवडे किंवा त्याहून आधी जन्मलं असेल, किंवा जन्माचं वजन 2 किलोपेक्षा कमी असेल, तर 30 दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासायचा. 28 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. याहून थोडं मोठं बाळ फार आजारी होतं, बरेच दिवस ऑक्सिजनवर होतं, तरी डॉक्टरांना विचारा. तपासणीत थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि डोक्याला दिवा लावलेले डॉक्टर भिंगातून पडदा बघतात. बाळ रडतं, पण काही मिनिटांचं काम असतं.

आता आपली अडचण बघा. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण बाहेर पडत नाहीत. आणि डोळे वाचवायची मुदत तीस दिवसांची! बाहेरचा वारा लागू नये, आजार होऊ नये, म्हणून आपल्या आज्यांनी ही रीत घातली. त्यामागे मायाच आहे. पण त्या नर्सबाईंची मायाच होती ना? तेव्हा अशा बाळासाठी रीत थोडी बाजूला ठेवा. बाळ नीट गुंडाळा, छातीशी धरा आणि तपासणीला न्या. आणि एकदा दाखवलं म्हणजे झालं, असंही नाही. नसा कडेपर्यंत पोचल्या, असं डॉक्टर सांगेपर्यंत प्रत्येक तारखेला जायचं.

2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजारही घेतला आहे. बाळ पेटीत होतं, तर घरी आणताना कागद हातात घेऊन विचारा, डोळ्यांचा पडदा तपासला का? पुढची तारीख कोणती? कुठे जायचं? नसेल लिहिलं, तर आशाताईंना सांगा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढंच करा. गावात दिवस भरायच्या आधी झालेलं, कमी वजनाचं बाळ आहे का, ते विचारा. असेल, तर त्याचे तीस दिवस मोजा. आईबरोबर जायला कुणी नसेल, तर आपल्यातली एकजण जा. आणि ज्या घरात हे दुःख आधीच आलं आहे, तिथे त्या आईला सांगा, बाई, तुझी यात काही चूक नव्हती.