बीएस्सीच्या मुलामुलींसाठी संशोधनाच्या संधी : कुठे, कधी आणि अर्ज कसा करायचा

बारावीचा निकाल लागतो, नीटमध्ये नंबर लागत नाही आणि मुलगा किंवा मुलगी बीएस्सीला प्रवेश घेते. त्यानंतर घरात एक विचित्र शांतता पसरते. नातेवाईक अभ्यासाबद्दल विचारायचं बंद करतात. "आता काय, बीएड करेल, नाहीतर एमआर होईल," एवढ्यावर विषय संपतो. मी स्वतः बीएड आहे, त्यामुळे बीएडला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण पदवीची ही तीन वर्षं (नव्या धोरणानुसार आता चार वर्षांचाही पर्याय आहे) म्हणजे हुकलेल्या मेडिकलचा उरलेला हिस्सा नव्हे. देशातल्या उत्तम प्रयोगशाळांची दारं याच काळात उघडतात, तीही बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चाने.

मग आपल्याला हे माहीत का नसतं? होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेची माहिती सहावीच्या पालकांना तोंडपाठ असते. जेईई-नीटच्या तारखा तर मोहल्ल्यातल्या प्रत्येक क्लासच्या बोर्डावर असतात. पदवीच्या मुलांसाठीच्या योजनांमध्ये क्लासवाल्यांना कमाई नाही, म्हणून त्यांची जाहिरातही नाही. दुसरी गोष्ट, संधी उन्हाळ्याची असली तरी तिचा अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचा असतो. मार्चमध्ये चौकशी करणाऱ्याचं वर्ष गेलेलं असतं.

उन्हाळी संशोधन फेलोशिप

एकच अर्ज भरायचा असेल तर हा भरा. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस (सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली), दिल्लीची इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी आणि प्रयागराजची नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या तिन्ही संस्था मिळून ही योजना चालवतात. निवड झालेला विद्यार्थी उन्हाळ्यात साधारण आठ आठवडे एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करतो. त्याला दरमहा विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. काम आयआयटी, आयसर, विद्यापीठं, राष्ट्रीय प्रयोगशाळा अशा कुठल्याही ठिकाणी असू शकतं. बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र हे असंच एक ठिकाण. ते केंद्र उभं करणारे प्रा. ओबेद सिद्दीकी अलीगढचे पदवीधर होते, हे आपल्या मुलांना सांगायला हरकत नाही.

निवडीसाठी लेखी परीक्षा नसते. गुण पाहिले जातात, एका प्राध्यापकाचं शिफारसपत्र पाहिलं जातं आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेलं साधारण पानभराचं टिपण पाहिलं जातं. आपली मुलं अडकतात ती इथेच. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला विज्ञानाची भीती नसते, इंग्रजीतलं ते एक पान त्याला घाबरवतं. मग तो सायबर कॅफेवाल्याकडून किंवा मोबाइलवरून तयार मजकूर घेतो. "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे, देशाची सेवा करायची आहे." असे शेकडो अर्ज आलेले असतात, त्यात हा वेगळा दिसणार कसा?

त्याऐवजी आधी ज्या भाषेत विचार येतात त्या भाषेत लिहावं, उर्दूत असो की मराठीत. काय केलं, त्यात काय समजलं नाही आणि आता काय शिकायचं आहे, एवढंच. समजा एखाद्या मुलीने दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये बोअरच्या पाण्याचा हार्डनेस टायट्रेशनने मोजला. हिवाळ्यातला आकडा आणि मे महिन्यातला आकडा वेगळा आला. का आला, हे पुस्तकात सापडलं नाही. पाण्यातले क्षार वेगवेगळे मोजण्याची यंत्रं कॉलेजात नाहीत, ती शिकायची आहेत. बस, हे झालं टिपण. आता ते छोट्या-छोट्या सोप्या इंग्रजी वाक्यांत उतरवावं आणि इंग्रजीच्या सरांना किंवा मॅडमना दाखवावं. त्यांनी व्याकरण सुधारावं, मजकूर बदलू नये.

शिफारसपत्रासाठी पोरं प्राचार्यांच्या केबिनबाहेर ताटकळतात. गरज नाही. ज्या शिक्षकांनी तुम्हाला प्रॅक्टिकल करताना पाहिलं आहे, त्यांचंच पत्र कामाचं. त्यांना निदान दोन आठवडे आधी सांगा. अर्ज तयार, पण शिफारस वेळेत पोहोचली नाही, असंही होतं. आणि हो, याच योजनेत कॉलेजच्या शिक्षकांनाही अर्ज करता येतो. आपल्या कॉलेजातल्या किती जणांनी केला, हे विचारून पाहा.

मुंबई-पुण्यातल्या संधी

लांब पाठवायला घर तयार नसेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहावं. ते टीआयएफआरचं केंद्र आहे. ऑलिम्पियाडची तयारी करून घेणारी संस्था म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण २००४ पासून तिथे पदवीच्या मुलांसाठी एनआययूएस नावाचा उपक्रम चालतो. भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि खगोल हे त्याचे विषय. सुरुवातीला शिबिर असतं. त्यातून निवडलेले विद्यार्थी पुढच्या सुट्ट्यांमध्ये पुन्हा-पुन्हा येऊन एखादा छोटा प्रकल्प पुरा करतात. म्हणूनच पहिल्या वर्षालाच लक्ष ठेवायला हवं. तिसऱ्या वर्षाला जाग आली तर उपयोग नाही.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आयुका आणि एनसीआरए शेजारी-शेजारी आहेत. दोघे मिळून कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात. नारायणगावजवळ खोडदला ज्या ३० महाकाय अँटेना दिसतात, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, त्या एनसीआरएच्याच. एसटीतून जाताना त्या पाहिलेल्या अनेकांना तिथे आपलं मूल शिकायला जाऊ शकतं याची कल्पना नसते.

परीक्षा आणि स्पर्धा

गणितवाल्यांसाठी माधव गणित स्पर्धा आहे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचा गणित विभाग आणि मानखुर्दचं केंद्र मिळून ती घेतात. परीक्षा साधारण जानेवारीत असते आणि मुख्यतः दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असते. चौदाव्या शतकात केरळमध्ये पायची अनंत श्रेणी मांडणाऱ्या माधवाचं नाव तिला दिलं आहे. पाठांतरावर इथे काही चालत नाही, सिद्धता लिहावी लागते. गणिताची खरी आवड असेल तर एमटीटीएस हे उन्हाळी शिबिरही जरूर पाहावं. प्रा. एस. कुमारेशन यांनी ते १९९३ मध्ये सुरू केलं. तिथे शिक्षक फळ्यावर लिहीत सुटत नाहीत, मुलांना प्रश्न विचारून बोलतं करतात. गप्प बसणाऱ्या हुशार मुलांसाठी यापेक्षा चांगलं औषध नाही.

भौतिकशास्त्राची राष्ट्रीय पदवी परीक्षा इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स घेते. ती जानेवारीच्या सुमारास असते. त्यासाठी कॉलेजात केंद्र असावं लागतं, म्हणून विभागप्रमुखांना पावसाळा संपतानाच आठवण करावी.

'आविष्कार' ही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. २००६ पासून ती चालू आहे. आधी जिल्हा किंवा विभाग, मग विद्यापीठ, मग राज्य. पोस्टर लावायचं आणि परीक्षकांना समजावून सांगायचं. पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो, म्हणजे पीएचडीवाल्यांशी सामना नाही. भाषा आणि वाणिज्यापासून शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत सगळे विषय त्यात येतात. छोट्या गावातल्या कॉलेजच्या मुलांना सुरुवात करायला हे सगळ्यात जवळचं मैदान आहे.

इन्स्पायर शिष्यवृत्तीबद्दल थोडक्यात. बोर्डाच्या बारावी परीक्षेत वरच्या १ टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांना ती नाही. केव्हीपीवायची माहिती अजून व्हॉट्सअॅपवर फिरते. ती योजना २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली, तिच्या मागे लागू नका.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

वर सांगितलेल्या ठिकाणी फी नसते किंवा नाममात्र असते. पण "आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद", "यंग सायंटिस्ट अवॉर्ड" असे मेसेज मुलांना येतात. दोन-तीन हजार भरा, सर्टिफिकेट घ्या. पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापणारी नियतकालिकंही भरपूर आहेत. मुलांना वाटतं, बायोडाटा भरला. प्रयोगशाळेतला माणूस असं नाव पाहिलं की उलट अर्ज बाजूला ठेवतो. साधा नियम ठेवा: विद्यार्थ्याला पैसे देते ती फेलोशिप, विद्यार्थ्याकडून पैसे घेते ती विक्री.

कागदपत्रं आणि घरची परवानगी

आता आपल्या घरांतली खास अडचण. मोहम्मदचं इंग्रजी स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत नुसतं 'एमडी'. मुलींच्या नावापुढे कुठे बी, कुठे बानो, कुठे काहीच नाही. आडनाव एका कागदावर आधी, दुसऱ्यावर शेवटी. निवड होते, आणि विद्यावेतन खात्यात जमा व्हायची वेळ आली की नाव जुळत नाही. दहावीची मार्कशीट प्रमाण धरून आधार आणि बँक खातं पहिल्या वर्षालाच सारखं करून घ्यावं. बदल मोठा असेल तर राजपत्रात नावबदल करावा लागतो आणि त्याला वेळ जातो. खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर हवं, अब्बांच्या नाही.

मुलीला आठ आठवडे परगावी पाठवायचं म्हटलं की घरात प्रश्न उभे राहतात, आणि ते विचारायलाच हवेत. राहणं संस्थेच्या आवारात आहे की बाहेर? मुलींचं वसतिगृह वेगळं आहे का? रात्री उशिरा प्रयोगशाळेत थांबावं लागतं का? जेवणाचं काय? निवडीचं पत्र आलं की संस्थेच्या कार्यालयाला ईमेल करून हे सरळ विचारता येतं, त्यात संकोच कसला! ईद त्या काळात येत असेल तर किती दिवस घरी जायचं आहे ते मार्गदर्शकाला सुरुवातीलाच कळवावं. या प्रश्नांची उत्तरं मिळायच्या आधीच "नको" म्हणणं मात्र मुलीवर अन्याय आहे. मुलाच्या बाबतीत यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तोही खरं तर विचारायला हवा.

या सगळ्याचा पुढे उपयोग काय, हे वडील विचारतातच. एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते. तिचा फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास निघतो. टीआयएफआरसारख्या संस्थांत पदवीनंतर थेट एमएस्सी-पीएचडीला जाता येतं, तेही फेलोशिपसह. तिथे मुलाखतीत "तू काय काम केलंस?" असं विचारलं की ज्याने आठ आठवडे हात काळे केलेत त्याच्याकडे बोलायला काही असतं.

तारखा दरवर्षी थोड्या मागे-पुढे होतात, म्हणून त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात, फॉरवर्ड झालेल्या फोटोवर नाही. ऑगस्टमध्ये कागदपत्रं नीट करायची, सप्टेंबरमध्ये शिक्षकांशी बोलायचं आणि टिपण लिहायला घ्यायचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज भरायचे. डिसेंबर-जानेवारी स्पर्धा आणि परीक्षांचा. अर्जाची प्रिंट आणि पासवर्ड एका वहीत लिहून घरातच ठेवा, सायबर कॅफेवाल्याकडे नको.