टेकाडावरची गावं आणि ऐंशी वर्षं थांबलेली खापरं

नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगेन शहरातून वायव्येकडे सायकलने निघालं, की सपाट कुरणांत गार्नवेर्ड, फीरवेर्ड, एझिंगे, नीहोव्हे अशी छोटी गावं लागतात. प्रत्येक गाव आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जरा उंचावर. नीहोव्हे तर गोल आहे, मधोमध चर्च आणि भोवती घरं. चढ इतका सौम्य की पटकन लक्षातही येत नाही.

हा उंचवटा निसर्गाने केलेला नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ५०० च्या सुमारास इथे बांध नव्हते, उधाणाचं पाणी थेट गवताळ खाजणात शिरायचं. लोकांनी चिखलमाती, शेण आणि घरातला कचरा टाकून राहण्याची जागा उंच केली, पुढच्या पिढ्यांनी त्यावर आणखी थर चढवले. समुद्राला अडवणारे मोठे बांध यायला पुढे दीड हजार वर्षं लागली. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात या किनाऱ्यावरच्या लोकांची अवस्था फार दयनीय रंगवली आहे : भरतीला जहाजावर असल्यासारखे, ओहोटीला जहाज फुटल्यासारखे, आणि जवळ गुरंही नाहीत.

आता गंमत बघा. शेण आणि राख मुरलेली ही माती उत्तम खत होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात टेकाडं खणून माती बोटींनी रेताड आणि दलदलीच्या भागांतल्या शेतांवर जाऊ लागली. चर्च, दफनभूमी आणि घरं होती तेवढा भाग वाचला. म्हणजे पुरावा नष्ट होत होता, आणि त्याच खोदकामात हाडं, खापरं वर येत होती.

आल्बर्ट व्हान गिफन (१८८४–१९७३) शिक्षणाने जीवशास्त्राचा माणूस. त्याचा १९१३ चा प्रबंध या टेकाडांत सापडलेल्या प्राण्यांच्या हाडांवर आहे. विज्ञान शाखेतून इतिहासाकडे वळायला बिचकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. १९१६ मध्ये टेकाडांच्या संशोधनासाठी संस्था उभी राहिली, तीही त्याच्याच पुढाकाराने. १९२३ ते १९३४ दरम्यान त्याने एझिंगेला टप्प्याटप्प्याने उत्खनन केलं. ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत कुडाच्या भिंती अजून उभ्या होत्या. लांबट घरं, एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला गोठा, जनावरांचे कप्पे ओळखू येण्याइतके स्पष्ट. प्लिनीचं गुरांबद्दलचं विधान इथे टिकत नाही. खाजणातलं गवत हीच तर या लोकांची श्रीमंती होती!

वरच्या थरात मात्र व्हान गिफनला जळालेली मोठी घरं आणि त्यांवर जमिनीत खोलगट बांधलेल्या लहान झोपड्या दिसल्या. त्याने अर्थ लावला की पाचव्या शतकाच्या सुमारास अँग्लो-सॅक्सन आले आणि त्यांनी गाव जाळलं. तेव्हाच्या युरोपात संस्कृतीतला बदल म्हणजे आक्रमण, असंच समीकरण होतं. माझ्या मते हा निव्वळ त्याचा दोष नाही, पण थरातल्या राखेतून आग कळते, आग लावणारा कळत नाही.

व्हान गिफनने प्राथमिक अहवाल लिहिले, सगळ्या वस्तूंचा संपूर्ण अभ्यास मात्र त्याच्या हयातीत झाला नाही. तो प्रसिद्ध झाला २०१४ मध्ये, अनेट न्यूहोफ यांच्या संपादनाखाली. न्यूहोफ यांनी खापरांचा क्रम लावला, तर मध्ये तुटकपणा दिसेना. चौथ्या शतकात फ्रिसलंडमधली बरीच टेकाडं ओस पडली, पण एझिंगेला वस्ती चालूच होती आणि 'अँग्लो-सॅक्सन' धाटणीची भांडी स्थानिक परंपरेतून हळूहळू येताना दिसतात. आक्रमणाची गोष्ट सैल पडली, तीही व्हान गिफननेच जपून ठेवलेल्या खापरांवरून.

हे करता आलं कारण कोणतं खापर कुठल्या जागेतून, कुठल्या खोलीवरून आलं याच्या नोंदी उरल्या होत्या. एझिंगेच्या ज्या मोठ्या भागाची माती त्याआधीच बोटींतून गेली, त्याच्या अशा नोंदी नाहीत.